वगलेखकाचा मोबदला आणि पटकथालेखकाचा संप

तमाशा, नाटक, चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका या सर्व कलाप्रकारांत रंगमंचावर किंवा पडद्यावर काही घडण्याआधी ते कोणीतरी रचलेले असते, आणि रचना एकदा दुसऱ्याच्या तोंडी बसली की रचणाऱ्याची गरज संपली असे मानण्याची रीत या सर्व क्षेत्रांत दिसते. ढोलकीवाला आला नाही तर तमाशा उभा राहत नाही, कॅमेरा चालवणारा आला नाही तर चित्रीकरण थांबते. लेखक मात्र त्या दिवशी कोठे आहे, त्याला ठरलेले पैसे मिळाले आहेत की नाहीत, याने त्या दिवसाच्या कामात कोणताही अडथळा येत नाही. लेखकाच्या मोबदल्याचा, त्याच्या कामाच्या शाश्वतीचा आणि वादाच्या प्रसंगी त्याच्या हाती असलेल्या बळाचा प्रश्न या वस्तुस्थितीतून निर्माण होतो. पटकथालेखकांच्या संघर्षाची चर्चा सहसा मुंबई किंवा अमेरिकेतील स्टुडिओंपासून सुरू होते. प्रस्तुत व्याख्यान जुन्नर-आंबेगाव परिसरात होत असल्यामुळे आणि या परिसरातील नारायणगाव हे तमाशा व्यवसायाचे प्रमुख केंद्र असल्यामुळे येथे ती चर्चा तमाशाच्या वगापासून सुरू केली आहे. कारण चित्रपट येण्यापूर्वी या मुलखातील हजारो लोकांना एकाच रात्रीत एक पूर्ण कथा दाखवण्याचे काम वग करत होता, आणि त्याच्या लेखकाचे प्रश्न पुढे पटकथालेखकाच्या वाट्याला जसेच्या तसे आले.

नारायणगाव हे पुणे-नाशिक महामार्गावरचे, मीना नदीकाठचे बाजारपेठेचे गाव आहे. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड आणि त्याच घराण्यातील विठाबाई नारायणगावकर (1935-2002) यांच्यामुळे गावाचे नाव महाराष्ट्रभर गेले, आणि तमाशाची पंढरी ही ओळख त्याला मिळाली. दरवर्षी माघ-फाल्गुनात तमाशाचे फड येथे राहुट्या टाकतात. राहुटी म्हणजे फडाचे हंगामी कार्यालय. बाहेर फडाच्या नावाचा फलक आणि कलावंतांची छायाचित्रे, आत व्यवस्थापक आणि त्याच्यापुढे तिथीवार नोंदींची वही, असे तिचे स्वरूप असते. चैत्र-वैशाखात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पारनेर, संगमनेर या तालुक्यांत गावोगावच्या ग्रामदैवतांच्या यात्रा भरतात, त्यांच्या यात्रा कमिट्यांची माणसे या राहुट्या फिरून, भाव करून, आपल्या तिथीला फड ठरवून जातात, आणि या ठरावाला सुपारी देणे असे म्हणतात.

सुपारीच्या आधीचा व्यवहार उचलीचा असतो. उचल म्हणजे हंगामापूर्वी फडमालकाने कलावंताला आगाऊ दिलेली रक्कम, जी पुढे त्याच्या पगारातून वळती होते. तमाशाचा हंगाम साधारणपणे दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत चालतो, आणि पावसाळ्याचे महिने नर्तकी, सोंगाड्या, ढोलकीपटू, झीलकरी, तंबूचे खांब रोवणारे कामगार हे सगळे उचलीवर काढतात. ही पद्धत निर्दोष नाही. उचल फिटेपर्यंत कलावंत त्या मालकाला बांधला जातो, आणि मालक स्वतः ती रक्कम बहुधा व्याजाने उभी करत असल्यामुळे यात्रांच्या सुपाऱ्यांचा मोठा हिस्सा सावकाराकडे जातो. तरीही उचलीत एक मान्यता गृहीत आहे, ती ही की काम नसलेल्या महिन्यांतही कलावंताला जगावे लागते आणि त्या जगण्याची काही जबाबदारी फडावर आहे. वगलेखक सहसा या मान्यतेच्या बाहेर राहतो, कारण तो फडाबरोबर फिरत नाही.

वग म्हणजे तमाशाच्या उत्तरार्धातील कथानाट्य. गण, गवळण, बतावणी, लावण्या यांनंतर मध्यरात्रीच्या सुमारास वग सुरू होतो आणि पूर्वी तो पहाटेपर्यंत चाले. सावळजच्या उमा-बाबूंचा 'मोहना बटाव' हा 1865 च्या सुमाराचा वग आद्य वग म्हणून सांगितला जातो. त्या काळी फडाचा सरदार स्वतःच कवी, गायक आणि सूत्रधार असे, त्यामुळे लेखकाचा वेगळा मोबदला हा प्रश्न उद्भवतच नव्हता. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव (1866-1945), यांनी 'मिठाराणी'सारखा वग आणि असंख्य लावण्या रचल्या आणि स्वतःच्या फडातून त्या गाजवल्या. फड चालू होता तोवर त्यांच्या रचनेचे मोल तिकिटाच्या पैशांतून येत राहिले. फड मोडल्यावर रचना इतर फडांतून गाजत राहिल्या, आणि रचनाकाराचा अखेरचा काळ मात्र हलाखीत गेला. लोक ज्या रचनांना दाद देत होते त्यांचा कर्ता त्याच वेळी पैशाला महाग झाला होता, ही गोष्ट बापूरावांच्या चरित्रात त्यांच्या स्वभावाच्या आणि आयुष्यातील उलथापालथीच्या कथांखाली झाकली जाते. तिच्याकडे व्यवहाराचा दोष म्हणून पाहिले गेले पाहिजे, कारण वापरावर मोबदला मिळण्याची कोणतीही व्यवस्था त्या काळच्या तमाशात नव्हती.

पुढे सरदार आणि लेखक वेगळे झाले. फडांची संख्या वाढली, ऐतिहासिक, पौराणिक वगांबरोबर सामाजिक वगांची मागणी आली, गावकरी दर वर्षी नवा वग मागू लागले, आणि प्रयोगापूर्वी संहिता शासनाच्या परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून घेण्याच्या नियमामुळे वग कागदावर उतरवणे भाग पडले. शिरूर तालुक्यातील कवठे येमाईचे बशीर मोमीन कवठेकर हे या टप्प्यावरील लेखकाचे ठळक उदाहरण होय. आंबेगावच्या सीमेलगतच्या या गावात राहून त्यांनी अनेक नामवंत फडांसाठी लावण्या, गवळणी आणि वग लिहिले. 2018 चा विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला, आणि नोव्हेंबर 2021 मध्ये त्यांचे निधन झाले. विठाबाईंच्या नावाचा पुरस्कार एका लेखकाला मिळावा ही या व्यवसायाने लेखनाला दिलेली दुर्मीळ पोच आहे. परंतु पुरस्कार हा सन्मान असतो, तो मोबदल्याची जागा घेऊ शकत नाही. तो आयुष्याच्या उतारावर, एकदाच आणि एकाच लेखकाला मिळतो.

वगलेखकाला बहुतेकदा एकरकमी बिदागी मिळते. वग वाचून दाखवावा, फडाला पसंत पडावा, रक्कम ठरावी, कागद हातात द्यावेत आणि व्यवहार संपावा, अशी ही रीत आहे. तो वग एका हंगामात चालला काय किंवा वीस हंगाम चालला काय, लेखकाच्या हिशेबात फरक पडत नाही. कवलापूरच्या काळू-बाळूंच्या फडाने गाजवलेला 'जहरी प्याला' हा वग ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की एकच वग पिढ्यानपिढ्या प्रेक्षक खेचू शकतो. मराठी व्यावसायिक रंगभूमीवर नाटककाराला प्रयोगागणिक मानधन देण्याची रीत रुळली आहे; शंभरावा प्रयोग झाला की शंभराव्यांदा मानधन, असा तिथला साधा हिशेब आहे. भाषा तीच, राज्य तेच, संहिता तपासणारे मंडळ तेच, तरी पुण्याच्या नाट्यगृहात जे लेखकाचे रास्त देणे मानले जाते ते नारायणगावच्या राहुटीत कोणी विचारात घेत नाही. या फरकाला कलात्मक कारण नाही. तमाशाची रचना मातंग, महार, कोल्हाटी समाजांतील कलावंतांच्या तोंडी परंपरेतून आली, आणि तोंडी परंपरेला कर्ता नसतो, ती सर्वांची असते, असा सोयीचा समज बाहेरच्या समाजाने करून घेतला. ज्यांच्या श्रमाची नोंद ठेवण्याची समाजाला सवय नव्हती त्यांच्या लेखनाचीही नोंद राहिली नाही.

सुपारीचा कागद बारकाईने पाहण्यासारखा असतो. त्यावर गावाचे नाव, यात्रेची तिथी, ठरलेली रक्कम, विसार म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम, रात्रीच्या खेळाबरोबर दुसऱ्या दिवशीची हजेरी म्हणजे दिवसाचा कार्यक्रम द्यायचा की नाही, जागा आणि इतर सोयी कोणी करायच्या, अशा बाबी येतात. या व्यवहारात दोन्ही बाजूंना सर्वांत जास्त काळजी एका गोष्टीची असते: अवकाळी पाऊस आला, गावात दुःखद प्रसंग घडला, यात्रा रद्द झाली, तर विसाराचे काय करायचे. गाव आणि फडमालक हे दोघेही पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने शिकले आहेत की काम थांबण्याचा धोका आधीच वाटून घ्यावा लागतो. त्याच रात्री जो वग लागणार असतो त्याच्या लेखकाचे नाव सहसा या कागदावर नसते, आणि काम थांबले तर त्याचे काय, हा प्रश्न कोणत्याही कागदावर नसतो.

चित्रपटाने तमाशाकडून कथा, संगीत आणि प्रेक्षक घेतले, तसाच लेखकाला एकरकमी पैसे देऊन मोकळे होण्याचा व्यवहारही उचलला. अनंत माने दिग्दर्शित 'सांगत्ये ऐका' (1959) हा तमाशाप्रधान चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात 131 आठवडे चालला. एकरकमी मोबदल्याच्या पद्धतीत पहिला आठवडा आणि 131 वा आठवडा यांत लेखकाच्या दृष्टीने काहीही फरक राहत नाही, हे त्या पद्धतीतील अन्यायाचे मोजमाप आहे. अण्णाभाऊ साठे (1920-1969) यांचे उदाहरण याहून बोलके आहे. तमाशाला लोकनाट्याचे रूप देऊन त्याला कामगार चळवळीच्या व्यासपीठावर आणणारा हा लेखक. त्यांच्या 'वैजयंता' या तमासगीर स्त्रियांच्या शोषणावरील कादंबरीवर 1961 मध्ये चित्रपट निघाला, 'फकिरा'वर निघाला, 'आवडी', 'माकडीचा माळ', 'वारणेचा वाघ' यांवरही निघाले. इतक्या कथा पडद्यावर गेलेल्या लेखकाच्या आयुष्याची बरीच वर्षे घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत गेली. कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, त्यामुळे अण्णाभाऊंच्या साहित्यावरील हक्क 2029 च्या अखेरीपर्यंत जिवंत आहे. हक्क जिवंत असणे आणि त्या हक्काचे पैसे लेखकाच्या घरी वेळेवर पोचणे या दोन गोष्टींतील अंतर या एका चरित्रात दिसते.

या ठिकाणी कायद्याची मांडणी समजून घेणे आवश्यक आहे. स्वामित्वहक्क कायदा, 1957 नुसार लेखनाचा पहिला मालक लेखक असतो. नोकरीच्या करारात, नोकरीचे काम म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक मात्र नोकरी देणारा ठरतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा असेल तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, त्यात मुदत, प्रदेश आणि मोबदला नमूद करावा लागतो, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे व प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारत असे कायदा धरून चालतो. हा शेवटचा भाग वगलेखकांसाठी मोलाचा आहे, कारण तोंडी व्यवहाराने, बिदागी देऊन नेलेल्या वगाचा हक्क कायद्याच्या नजरेत फडाकडे गेलेलाच नसतो. 2012 च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल पुढे टाकले. गीतकार आणि संगीतकार यांच्याबरोबर चित्रपटासाठी लिहिणाऱ्या लेखकालाही, चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता इतर वापरांसाठी, म्हणजे दूरचित्रवाणी, ध्वनिमुद्रण, इंटरनेट यांसाठी, स्वामित्वशुल्काचा वाटा मिळण्याचा हक्क दिला गेला, आणि हा हक्क लेखकाने करारात सही करून सोडून दिला तरी तो सुटत नाही, असे ठरवले गेले. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत या दुरुस्तीच्या बाजूने केलेले भाषण पुष्कळांच्या स्मरणात असेल. गीतकारांच्या बाजूने 1969 पासून वसुली करणारी संस्था असल्यामुळे कायद्याचा लाभ त्यांच्यापर्यंत पोचण्याचा मार्ग तरी होता. पटकथा आणि संवाद लिहिणाऱ्यांसाठी तितकी भक्कम यंत्रणा उभी राहिली नाही. रंगमंचावरच्या वगाला तर ही दुरुस्ती लागूच होत नाही, कारण ती चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांच्यासाठी आहे.

दुसरा कायदेशीर प्रश्न असा की लेखक कामगार आहे की नाही. औद्योगिक विवाद कायदा, 1947 मध्ये कामगाराची जी व्याख्या होती ती अंगमेहनतीचे, तांत्रिक, कारकुनी, देखरेखीचे अशा कामांवर आधारलेली होती. 2001 मध्ये भारत भवन न्यासाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नाट्यनिर्मितीतील कलावंत या व्याख्येत बसत नाहीत असा निर्णय दिला. 1981 मध्ये संसदेने चित्रपट कामगारांसाठी वेगळा कायदा केला, त्यात लेखी करार आणि त्याची नोंदणी सक्तीची केली, वाद मिटवण्यासाठी समेट अधिकारी व न्यायाधिकरण नेमले. पण व्याख्येत अभिनेता, वादक, नर्तक ही नावे घेताना लेखकाचे नाव घेतले नाही, आणि मूळ कायद्यात दरमहा 1,600 रुपये किंवा एकरकमी 15,000 रुपये ही कमाईची कमाल मर्यादा घातली. नोव्हेंबर 2025 मध्ये अंमलात आलेल्या श्रमसंहितांनी या कायद्याची जागा घेतली आणि दृक्‌श्राव्य कामगार ही अधिक व्यापक संज्ञा आणली. तीतही जिवंत रंगमंचावरचा तमाशा येत नाही. लेखक कामगार नसेल तर तो स्वतंत्र व्यावसायिक ठरतो, आणि स्वतंत्र व्यावसायिकांनी एकत्र येऊन किमान दर ठरवले तर ते स्पर्धा कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतात. पश्चिम बंगालमध्ये महाभारतावरील मालिका बंगालीत ध्वनिरूपांतरित करून दाखवण्यास तेथील कलावंत-तंत्रज्ञांच्या समन्वय समितीने विरोध केला, तेव्हा 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कृतीला स्पर्धा कायदा लागू होतो असे म्हटले. कामगार म्हणून संरक्षण नाही आणि व्यावसायिक म्हणून एकजुटीला मोकळीक नाही, अशा अडचणीच्या जागी भारतीय लेखक उभा आहे, आणि ही जागा बदलणे हे संसदेचे काम आहे.

वादाच्या प्रसंगी काय घडते ते आता पाहता येईल. 1 ऑक्टोबर 2008 रोजी पश्चिम भारतातील चित्रपट कामगारांच्या महासंघाने थकलेले पैसे, कामाचे तास आणि सुरक्षितता या मागण्यांसाठी काम बंद केले. नोव्हेंबरमध्ये पुन्हा वाद होऊन मालिकांचे चित्रीकरण थांबले, तेव्हा वाहिन्यांनी जुने भाग पुन्हा दाखवायला सुरुवात केली. या घटनेचा अर्थ लेखकांच्या दृष्टीने फार गंभीर आहे. नवे काम थांबवल्यामुळे जी पोकळी निर्माण झाली ती लेखकांनीच पूर्वी लिहिलेल्या मजकुराने भरली गेली, आणि त्या पुनर्वापराचे पैसे देणे वाहिनीला भाग नसल्यामुळे संपाचा काळ तिला तुलनेने स्वस्तात काढता आला. तमाशातही हेच आहे: लेखकाने रुसून नवा वग दिला नाही तर फड जुना वग लावतो, आणि तो जुना वगही त्याच लेखकाचा असू शकतो. लेखकाचे साठलेले लेखन त्याच्याच मागणीविरुद्ध उभे राहते. म्हणून वापरागणिक मोबदला हा केवळ न्यायाचा प्रश्न राहत नाही; वाद निर्माण झाल्यावर लेखकाच्या हाती काही बळ राहील की नाही, हे त्यावर ठरते. जुन्या लेखनाच्या प्रत्येक वापराला किंमत असेल तरच नवे लेखन थांबवण्याच्या निर्णयाला वजन येते.

अमेरिकेतील लेखक संघटनेचा इतिहास याच दृष्टीने वाचला पाहिजे. 1960 मध्ये तेथील लेखकांनी जानेवारीपासून जूनपर्यंत संप केला, तेव्हा चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखवले जाऊ लागले होते आणि त्या दुसऱ्या उत्पन्नातून लेखकाला काही मिळत नव्हते. त्या संपातून पुनर्वापराचा मोबदला आणि निवृत्तिवेतन व आरोग्य निधीतील मालकांचा वाटा या गोष्टी मिळाल्या. नोव्हेंबर 2007 ते फेब्रुवारी 2008 या काळातील संप इंटरनेटवरील वापरासाठी झाला. 2 मे 2023 रोजी सुरू झालेला संप 148 दिवस चालला. त्यात इंटरनेटवरील मालिकांच्या प्रेक्षकसंख्येशी जोडलेला मोबदला, लेखकांच्या गटाची किमान संख्या आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या मजकुराला लेखकाचे स्थान न देण्याची हमी हे मुद्दे होते. जुन्या संहिता यंत्राला शिकवण्यासाठी वापरायच्या की नाही, हा प्रश्न मात्र त्या करारातही पुरता सुटला नाही, आणि साठलेले लेखन लेखकाविरुद्ध वापरले जाण्याचे हे सर्वांत नवे रूप आहे. अमेरिकेत हे शक्य झाले त्याला कारण होते: तेथील कायदा पटकथालेखकाला नोकरदार मानतो आणि संघटनेला सामूहिक करार करू देतो, त्याबदल्यात लेखनाची मालकी स्टुडिओकडे जाते. भारतात कायद्याने मालकी लेखकाची आहे आणि सौदा करण्याची सामूहिक ताकद क्षीण आहे. मुंबईत 1960 मध्ये कामगार संघटना म्हणून नोंदली गेलेली पटकथालेखकांची संघटना संहितांची नोंदणी करते, श्रेय आणि थकबाकीच्या तक्रारींत मध्यस्थी करते, किमान मूलभूत कराराचा आग्रह धरते, आणि तिचे हे काम मोलाचे आहे. परंतु निर्मात्यांना बांधून ठेवील असा सर्वमान्य सामूहिक करार अद्याप तिच्या हाती आलेला नाही.

मराठी मालिकांच्या लेखकाची स्थिती याच संदर्भात समजून घ्यावी लागते. मालिकेच्या लेखनाचे कथा, पटकथा आणि संवाद असे तीन भाग करतात: कथा म्हणजे पुढे काय घडणार याचा आराखडा, पटकथा म्हणजे त्याची दृश्यांत केलेली मांडणी, आणि संवाद म्हणजे पात्रांचे प्रत्यक्ष बोलणे. हे तिन्ही लेखक निरनिराळे असू शकतात आणि त्यांना भागागणिक पैसे मिळतात, तेही सहसा प्रसारणानंतर काही महिन्यांनी. भागागणिक पैशांत शाश्वती नसते. मालिका अचानक बंद झाली, वाहिनीने लेखक बदलला, किंवा चित्रीकरण थांबले, तर पुढचा भाग नाही आणि पैसेही नाहीत. 19 मार्च 2020 पासून चित्रीकरणे थांबली तेव्हा हीच स्थिती सर्वत्र झाली, 28 मार्चपासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतले, खासगी वाहिन्यांनीही जुन्या मालिका काढल्या, आणि पडदा एकही दिवस रिकामा राहिला नाही. त्याच चैत्रात जुन्नर-आंबेगावच्या यात्रा रद्द झाल्या. सुपाऱ्या रद्द झाल्या, विसाराचे वाद झाले, उचल घेतलेले कलावंत देणेकरी म्हणून घरी परतले. पुढच्या वर्षीही यात्रा भरल्या नाहीत. कलावंतांना मदत मिळावी म्हणून मागण्या झाल्या आणि त्या रास्तच होत्या. त्या मागण्यांत वगलेखकाचा वेगळा उल्लेख क्वचितच झाला, कारण तो कोणाच्याही हजेरीपटावर नव्हता. ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांना राज्य शासन जे मासिक मानधन देते, जे 2024 पासून 5,000 रुपये झाले आहे, त्याचा आधार काही लेखकांना मिळतो. पण ते वृद्धापकाळचे साहाय्य आहे, कामाच्या वयातील सुरक्षितता नव्हे.

जुन्नर परिसराला एकत्रित व्यवसायाची परंपरा नवी नाही. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी येथील लेण्यांतील इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या सुमाराचे शिलालेख धान्य-व्यापारी, बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींचा, म्हणजे व्यवसायसंघांचा, उल्लेख करतात. धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले. इतर श्रेणींकडे ठेव ठेवून तिच्या उत्पन्नातून धर्मकार्य चालवण्याची सोय होती. जिच्याकडे लोक विश्वासाने पैसा ठेवतात आणि जी पिढ्या ओलांडून तो सांभाळते, अशी संस्था बांबूकाम करणाऱ्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी याच डोंगरांत उभी केली होती. वग आणि लावणी लिहिणाऱ्यांना तशी संस्था आजवर मिळाली नाही. आधुनिक महाराष्ट्राचे उदाहरण हवे असेल तर 1969 चा माथाडी कायदा आहे. अनेक मालकांकडे थोडे थोडे काम करणारा हमाल कोणा एकाचा नोकर ठरत नव्हता. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर कायद्याने त्रिपक्षीय मंडळे नेमली, कामगाराची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत आणि मजुरीवर मालकाकडून शेकड्याने अधिभार, ज्यातून भविष्यनिर्वाह निधी आणि रजेचे पैसे, अशी व्यवस्था केली. अनेक फडांना, अनेक निर्मात्यांना लिहून देणाऱ्या लेखकाची अडचण हमालाच्या अडचणीसारखीच आहे, आणि तिच्यावरचा उपाय याच राज्याने एकदा शोधून दाखवला आहे.

तमाशाच्या बाबतीत त्या उपायाचे रूप अवघड नाही. सुपारीच्या छापील नमुन्यात वगाचे नाव आणि लेखकाचे नाव यांसाठी एक ओळ असावी, प्रत्येक सुपारीच्या रकमेतून ठरावीक हिस्सा लेखकासाठी वेगळा काढला जावा, आणि तो राहुट्यांच्या जागीच, फडमालक, लेखक व शासन यांच्या संयुक्त मंडळाकडे जमा व्हावा; यात्रा रद्द झाली तर विसाराचा जो हिस्सा फडाकडे राहतो त्याच प्रमाणात लेखकाचाही राहावा. फडमालकांवर यामुळे नवे ओझे येईल, हा आक्षेप खरा आहे. कर्जाने वाकलेल्या फडमालकाकडून लेखकाचा वाटा मागताना त्या फडमालकाला स्वस्त भांडवल मिळण्याची मागणीही लेखकांनी बरोबर केली पाहिजे, कारण सावकाराकडे जाणारे व्याज कमी झाल्याशिवाय कोणाच्याच वाट्याला काही येणार नाही. मालिका आणि चित्रपटांच्या करारांत काम थांबण्याचे कलम स्पष्ट असावे: संप, टाळेबंदी किंवा वाहिनीचा निर्णय यांमुळे लेखन थांबले तर सादर केलेल्या भागांचे पूर्ण पैसे, मंजूर आराखड्याचे ठरावीक पैसे, आणि त्या काळात जुने भाग दाखवले गेल्यास त्यांचा पुनर्वापर मोबदला.

तमाशाचे वर्ष बुद्धपौर्णिमेला संपते आणि दसऱ्याला सुरू होते. मधल्या ज्येष्ठ-आषाढात नव्या वगांची बोलणी होतात, संहिता लिहून होतात आणि श्रावणानंतर तालमी बसतात. उचल याच काळात वाटली जाते, आणि एकदा ती वाटली गेली की फडमालकाच्या हाती लेखकाला देण्यासारखे काही उरत नाही. लेखकाचा करार व्हायचा तर तो त्यापूर्वी, बुद्धपौर्णिमेनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात, मागच्या हंगामाचा हिशेब पुढे मांडून झाला पाहिजे. त्या हिशेबात कोणत्या गावी कोणता वग लागला याची नोंद सापडावी म्हणून राहुटीतील तिथीवार वहीत फाल्गुनापासूनच वगाच्या नावाचा रकाना आखून ठेवावा लागेल.